दोन दोर आणि पोरीची कपार

नेरमिनबाईंना तिमेस्साचा एकच दगड वाचायचा राहिला होता. तेवढ्यासाठी त्या तोरोसच्या डोंगरात सातव्यांदा आल्या होत्या, आणि ही खेप शेवटची, असं त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना बजावलं होतं.

तिमेस्सा हे नाव फक्त बाईंच्या तोंडी. पठारावरचे योरुक, म्हणजे भटके धनगर, त्या पडक्या शहराला नुसतं ‘आसार’ म्हणत. जूनमध्ये शेळ्या घेऊन वर यायचं, आसारच्या जुन्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर लोकर वाळत घालायची, देवदारांच्या मुळांनी उचकटलेल्या खांबांना खेचरं बांधायची, आणि पहिल्या बर्फाआधी समुद्राकडे उतरायचं. शहर कुणाचं होतं हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. बाईंना होती. अंकाराच्या विद्यापीठात त्या जुने शिलालेख शिकवत. आसारच्या वेशीवरच्या लेखात त्यांनी वाचलं होतं की इथली देवी शहरात राहत नाही. ती वर कड्यात राहते, आणि तिचा नियम तिच्या पायाशी कोरलेला आहे. तो नियम त्यांना वाचायचा होता.

सहा उन्हाळे बाई उम्मूहानच्या तंबूत उतरल्या होत्या. उम्मूहान पन्नाशीची, काटक, आणि आसारच्या दगड न् दगडाची माहितगार. बाईंनी छापलेल्या पुस्तकात शेवटच्या पानावर तिचे आभार मानणारी एक ओळ होती. उम्मूहानला वाचता येत नसे. पण ती ओळ तिने इतक्या जणींना बोट ठेवून दाखवली होती, की तिथे लोण्याचा डाग पडून अक्षरं पुसट झाली होती.

आणि सहा उन्हाळे बाई तिला एकच प्रश्न विचारत होत्या.

“उम्मूहान, त्या कड्यावर काय आहे?”

“काही नाही बाई. गिधाडं आहेत.”

वर ‘पोरीची कपार’ आहे हे पठारावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. ज्यांना डोंगराकडे काही मागायचं असे त्या वर जात, आपल्या टकळीची चकती तिथे ठेवत, आणि पुरुषांना वाट सांगत नसत. उम्मूहान कधी गेलीच नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिची कूस उजवली, तेव्हा ती तोऱ्यात म्हणाली होती, “मला कशाला जावं लागतंय?” पुढे एकीमागून एक चार मुली झाल्या, चारी लग्न होऊन गेल्या, आणि धाकट्या जावेला, झेलिहाला, ओळीने तीन मुलगे झाले. आता वर जाणं म्हणजे सगळ्या पठारासमोर हात पसरणं. त्यापेक्षा ‘काही नाही’ बरं!

यंदा सप्टेंबरच्या अखेरीस बाई आल्या. दुसऱ्याच दिवशी झेलिहा चहाला म्हणून आली, पेला संपवला, आणि सहज बोलल्यासारखं बोलली, “बाई, मी गेलेय की वर. बावीस वर्षं झाली. पायऱ्या आहेत, दगडात पोर आहे, पायाशी लिहिलेलंही आहे.”

बाईंच्या हातातला पेला बशीवर वाजला.

“नेशील मला?”

“नेईन की. त्यात काय!”

उम्मूहानने पुन्हा चहा ओतला. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो बशीत सांडला.

*

पहाटेच तिघी निघाल्या. बाईंच्या पाठीवर कागदांची पत्र्याची नळी, गळ्यात कॅमेरा. दगडावर ओला कागद बसवून ब्रशने ठोकायचा, वाळला की सोलायचा, म्हणजे अक्षरांचा जसाच्या तसा ठसा मिळतो. बाईंचा सगळा जीव त्या नळीत. काराजा नावाचं खेचर सामान वाहायला. आणि दोर दोन. उम्मूहानने बकरीच्या केसांचा, स्वतः कातलेला दोर कमरेला गुंडाळला होता. बोटाइतका बारीक, इतका गुळगुळीत की पठारावर म्हणत, उम्मूहानचा दोर हातात आहे की नाही हे डोळ्यांनी बघावं लागतं. झेलिहाचा दोर खेचरावर होता. मनगटाएवढा जाड, वीतवीतभर अंतरावर गाठ.

“हा दोर आहे की साप उंदीर गिळून बसलाय?” उम्मूहानने विचारलं.

“असू दे गं अक्का. सगळ्यांनाच कुठे तुझा हात मिळतो?” झेलिहा गोड हसून म्हणाली. ती फार गोड हसली की उम्मूहान आपल्या वस्तू मोजत असे.

त्यालाही कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी खाली उतरायच्या धामधुमीत उम्मूहानच्या टकळीची अक्रोडी चकती नाहीशी झाली होती. आईने दिलेली, काठावर मेंढ्याचं शिंग कोरलेलं. लांडग्यांवर, पोरांवर, वाऱ्यावर आळ घेऊन झाल्यावर तिने तो झेलिहावर घेतला होता आणि मग तिथून हलवलाच नव्हता.

आसार ओलांडून त्या घळीत शिरल्या. दोन्ही बाजूंनी कडे इतके जवळ आले, की आकाशाची नुसती पट्टी उरली. तळाशी ओढा गुडघाभर. तो तीनदा ओलांडावा लागला. तिसऱ्यांदा बाईंचा पाय सुटला! झेलिहाने दंड धरला, उम्मूहानने नळी धरली.

“शाब्बास!” बाई धापा टाकत म्हणाल्या. “नळी महत्त्वाची!”

घळीच्या वरच्या तोंडाशी चढ खेचराला जमेना. काराजाला वरच्या अंगाला, उंचवट्यावरच्या बाभळीसारख्या काटेरी झाडाला बांधलं. झेलिहाचा जाड दोरही तिथेच राहिला. वर न्यायला ओझं नको म्हणून. बाईंच्या बुटात वाळू गेली होती. त्या बसल्या, झेलिहा त्यांचे बूट झटकू लागली, आणि वर सारखी बडबड चाललेली, “बाई, तुम्ही काळजी नका करू, मला डोळे मिटून वाट सापडते.”

उम्मूहानला ते ऐकवेना. “मी पुढे पाणी बघते,” म्हणून ती चढली.

पन्नास पावलांवर वाट फुटत होती. एक डावीकडे, एक उजवीकडे. मधोमध वाटखूण: एक मोठा सपाट दगड आणि त्यावर मुठीएवढा पांढरा. पांढरा दगड मोठ्याच्या ज्या अंगाला बसलेला, त्या अंगाला जायचं. योरुकांना दुसरा पत्ता ठाऊक नाही. बकरी चोरणाऱ्याला ते शिव्या देतात, पण वाटखूण हलवणाऱ्याच्या हातचं पाणी पीत नाहीत.

पांढरा दगड डावीकडे होता.

उम्मूहानने मागे पाहिलं. खालून झेलिहाचं हसणं ऐकू आलं, त्यापाठोपाठ बाईंचंही. सहा वर्षांत बाई माझ्याबरोबर अशा कधी हसल्या होत्या? तिने आठवून पाहिलं. दोनदा. फार तर अडीच वेळा.

तासभर चुकू दे तिला. बाईंसमोर गोंधळू दे. मग मी म्हणेन, असू दे गं, होतं असं. एवढंच. जास्त काही नाही.

तिने दगड उचलला आणि उजवीकडे ठेवला.

मागून दोघी आल्या. झेलिहा वाटखुणेपाशी थबकली. “मला डावीकडे वाटत होतं…” तिने कपाळाला आठी घातली. “पण बावीस वर्षं झाली म्हणा. दगड उजवीकडे म्हणतोय. माणूस विसरतं, दगड खोटं बोलत नाही. चला!”

उम्मूहान त्यांच्या मागून निघाली.

*

उजवीकडची वाट आधी रुंद होती, मग शेळीपुरती झाली, मग शेळीनेही विचार केला असता अशी झाली. उजवीकडे कडा, डावीकडे खोल दरी, आणि पायाखाली सुटी खडी. वर गिधाडं निवांत घिरट्या घालत होती. झेलिहा पुढे, बाई मध्ये, उम्मूहान मागे.

“झेलिहा, मागे फिरू या का गं?” उम्मूहानचा आवाज तिलाच परका वाटला.

“का अक्का? भ्यालीस?”

“मी? मी कशाला भिते!”

आणि त्याच वेळी खडी सरकली!

आधी मूठभर. मग घमेलंभर. मग सगळी वाटच चालू लागली! झेलिहाने हात फेकले, काही सापडलं नाही, आणि ती कडेवरून दिसेनाशी झाली. बाई मागच्या मागे कोसळल्या. कॅमेरा कड्यावर आपटून फुटला, घोटा मुरगळला. उम्मूहानने एका हाताने त्यांची कॉलर धरली, दुसऱ्या हाताने खडक.

धूळ बसली. खाली दगड अजून आपटत होते. बराच वेळ आपटत राहिले. दरी किती खोल आहे, ते त्यांनी नीट मोजून सांगितलं.

“झेलिहा!”

खालून नुसता खडी घरंगळल्याचा आवाज.

“झेलिहाऽऽ!”

“ओरडू नकोस गं,” खालून बारीक आवाज आला. “झाड हलतंय.”

उम्मूहान पोटावर सरपटत कडेला गेली. दोन माणसांच्या उंचीइतकं खाली, कड्यातून आडवं वाढलेलं जुनिपरचं एक खोड, आणि त्याला मिठी मारून झेलिहा. तिच्या पायांखाली नुसती हवा. खोडाची मुळं एकेक करून उकलत होती.

उम्मूहानने कमरेचा दोर सोडला. एक टोक मागच्या दुसऱ्या जुनिपरला. दोन वेढे. गाठ. दुसऱ्या टोकाला फास.

आणि मग ती थांबली. एक श्वास. तेवढ्या एका श्वासात तिला तीन मुलगे दिसले, बाईंचं ते हसणं ऐकू आलं, तंबूतल्या बशीत सांडलेला चहा दिसला. मनातला सैतान एवढंच म्हणाला, ‘दोर जरा हळू सोड.’

“गप रे!” उम्मूहान मोठ्याने म्हणाली आणि दोर सोडला.

“कोणाशी बोलतेस?” खालून झेलिहा.

“तुझ्याशी नाही! काखेखालून घे! घट्ट!”

“अक्का, बारीक आहे गं हा…”

“बारीक आहे म्हणून आयुष्यभर जळलीस ना? आता लटक त्याला!”

“तुटला तर साऱ्या पठाराला सांगेन!”

“तुटला तर सांगायला उरशील का? ओढते! पाय लाव!”

मुळं सुटली. खोड खाली गेलं. दोर ताणला, वीणेच्या तारेसारखा झणझणला. उम्मूहानच्या तळव्यांची साल निघाली. बाई लंगडत येऊन तिच्या मागे बसल्या, टाच रोवली आणि विद्यापीठात कधी न ऐकलेल्या शिव्या देत ओढू लागल्या. एक हात. अजून एक हात. झेलिहाचा रुमाल दिसला. मग कपाळ. मग दोन्ही कोपरं.

ती वर आली आणि तिघी एकमेकींवर पडल्या.

मग झेलिहा दोर हातात धरून उलटसुलट बघू लागली. एकही पीळ सुटला नव्हता. तिच्या तोंडावर जे होतं ते आभार नव्हते. जीव वाचल्यावरही हेवा वाटू शकतो, हे उम्मूहानने तेव्हा पाहिलं. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं.

“अगं, पण मी पाहिली!” झेलिहा एकदम म्हणाली. “लटकले होते तेव्हा समोर दिसली. दरीच्या पलीकडे. पायऱ्या, कपार, सगळं! आपण चुकीच्या अंगाला आलोय!”

*

दक्षिणेकडे समुद्राच्या बाजूने ढग चढू लागले होते. उम्मूहान म्हणाली, आता पुरे, परत फिरू. मनापासून म्हणाली. बाईंनी सुजलेला घोटा रुमालाने आवळला.

“सहा वर्षं तू सांगतेस, वर काही नाही,” त्या म्हणाल्या. “आता मला बघू दे, काय नाही ते.”

त्या वाटखुणेपाशी परत आल्या. झेलिहा वाकली. मोठ्या दगडावर सगळीकडे करडी बुरशी चढली होती. फक्त डाव्या अंगाला मुठीएवढी जागा स्वच्छ, गोल. वर्षानुवर्षं तिथे काहीतरी बसलेलं असावं तशी.

झेलिहाने त्या गोलावर बोट ठेवलं. मग मान वर करून उम्मूहानकडे पाहिलं.

उम्मूहानने वाट पाहिली. आता ही ओरडेल. आता बाईंना सांगेल. संपलं.

झेलिहा उठली, हात झटकले. “डावीकडे,” एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

ओरडली असती तर परवडलं असतं! उम्मूहान तिच्या पाठीकडे बघत चढत राहिली. ही गप्प का? झेलिहा कुठली गोष्ट फुकट सोडणाऱ्यातली नव्हे.

डावीकडची वाट झाडीतून गेली आणि कड्याच्या पोटात संपली. तिथून पायऱ्या. दगडात खोदलेल्या, पावलाएवढ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. दोन हजार वर्षं बायका चढल्याशिवाय दगड असा झिजत नाही, बाई पुटपुटल्या. उम्मूहानने मोजल्या: एकशे बारा. बाई त्यातल्या अर्ध्या बसून चढल्या.

आणि वर ती होती.

शिंपल्यासारखी खोल कपार, वरून थेंबथेंब पाणी, आणि मागच्या भिंतीतून अर्धी बाहेर आलेली दगडाची पोर. चेहरा पावसाने पुसून नेलेला. हात पुढे केलेले, तळवे वर.

“देवी,” बाई कुजबुजल्या.

“देवी-बिवी नाही हं बाई,” झेलिहा घाईने म्हणाली. “अल्ला माफ करो. पोर होती, दगड झाली. एवढंच.”

पोरीच्या पायाशी ढीग होता. चकत्यांचा! मातीच्या, शिशाच्या, हाडाच्या. ज्या बायकांच्या, त्यांच्या भाषासुद्धा मरून गेलेल्या. त्यांच्यावर लाकडाच्या, जर्दाळूच्या, देवदाराच्या, कालपरवाच्या. सगळ्या एकाच ढिगात. बाई खाली बसल्या आणि काही वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग नळी उघडली, कागद भिजवला, लेखावर बसवला आणि ब्रशने ठोकू लागल्या. ठप् ठप् ठप्.

उम्मूहानची नजर ढिगावरून फिरत होती. सवयीने मोजत होती. चाळीस… एकेचाळीस… आणि थांबली.

अक्रोड. काठावर मेंढ्याचं शिंग.

“माझी!”

ब्रश थांबला.

“माझी चकती! आईची! चोरटे, बावीस वर्षं तू माझ्या चुलीवरचा चहा पीत होतीस!”

“चोरली,” झेलिहा शांतपणे म्हणाली. “आणि तू वाटखूण हलवलीस. बोल आता.”

बाईंनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे, आणि मग आपल्या घोट्याकडे पाहिलं.

“हलवलीस?” त्यांनी विचारलं.

“हलवली,” उम्मूहान म्हणाली. मान खाली गेली. “वाटलं, तासभर चुकेल. पलीकडे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं बाई. मी कधी आलेच नव्हते वर.”

हे शेवटचं वाक्य सांगणं तिला सगळ्यात जड गेलं.

“पण तुला कशाला हवी होती गं माझी चकती?” ती झेलिहाकडे वळली. “मुलगे मागायला? मग स्वतःची ठेवायची!”

“मुलगे कोणी मागितले?” झेलिहाचा आवाज पहिल्यांदाच चढला. “ते काय, झाले! मी तुझा हात मागितला! लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाई एकच गाणं म्हणायच्या, सूत बघावं तर उम्मूहानचं. माझं सूत बघितलं की म्हणायच्या, हे खेचराला बांधा. मला वाटलं, तुझी चकती पोरीच्या पायाशी ठेवली की तुझा हात मला येईल. बावीस वर्षांपूर्वी एकटी हा कडा चढले, अक्का! आणि मिळालं काय? त्याच हिवाळ्यात तुझं सूत आणखी बारीक झालं! खालच्या गावातून बायका बघायला यायला लागल्या! कडा मी चढले, मागितलं मी, आणि मिळालं तुला! मी अजून गाठी कातते!”

गोष्ट खरी होती. त्या हिवाळ्यात तिचा हात खरोखरच सुधारला होता. तिला वाटलं होतं, चकती हरवल्याच्या रागाने.

“थांबा जरा, थांबा,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज विचित्र झाला होता. ओल्या कागदात आता अक्षरं उठून दिसत होती. त्या बोटाने एकेक ओळ चाचपत वाचू लागल्या. “‘प्रत्येकीने आपलेच आणावे… दुसरीचे आणू नये… कुमारी हात ओळखते… जिची वस्तू…’” त्या थांबल्या. “‘जिची वस्तू, तिलाच फळ.’”

झेलिहा मटकन खाली बसली.

“हे इथं लिहिलेलं होतं?”

“दोन हजार वर्षांपासून.”

“मग कुणी वाचून दाखवायचं नाही का!” झेलिहा इतक्या कळवळून म्हणाली, की आधी बाई हसल्या, मग उम्मूहान, आणि मग पायाखालचा डोंगर गडगडला.

डोंगर नव्हे, आभाळ!

“किती वेळ लागेल कागद वाळायला?” उम्मूहानने विचारलं.

“दोन तास.”

“अर्ध्या तासात घळीला पाणी येईल बाई.”

बाई कागदाकडे बघत राहिल्या. सात उन्हाळे. कॅमेरा फुटला होता. ठसा नाही, फोटो नाही; नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? विद्यापीठात त्यांचे एक सहकारी होते, ते वर्षानुवर्षं छापत होते की देवीचं स्थान खालच्या दरीत आहे. त्यांचं तोंड बंद करायला हा एक कागद पुरे होता. बाईंच्या डोळ्यांत जे तरळलं ते या दोघी जावांनी लगेच ओळखलं. त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं ते.

मग बाईंनी वहीत पेन्सिलने ओळी उतरवल्या आणि कागद सोलला. ओला लगदा हातात आला. त्यांनी त्याचा गोळा करून खिशात टाकला.

“चला. पण एक मिनिट थांबा,” त्या म्हणाल्या. “तुमचं काही मागायचं असेल तर मागून घ्या.”

झेलिहाने कमरेची टकळी काढली, चकती उपसली. ओबडधोबड, स्वतः कोरलेली. ती तिने उम्मूहानच्या अक्रोडी चकतीशेजारी ठेवली. “ही माझी,” ती पोरीला बजावून म्हणाली. “नीट बघून घे.”

उम्मूहानने आपली चकती उचलली. आईचा अंगठा जिथे लागे, तिथली गुळगुळीत जागा चाचपली. क्षणभर मुठीत धरली. मग परत ठेवली आणि ओठ हलवले.

“काय मागितलंस?” झेलिहाने लगेच विचारलं.

“सांगायचं नसतं.”

“मी सांगितलं की!”

“म्हणूनच तुझं होत नाही.”

*

उतरताना गारा आल्या. पायऱ्यांवर गारा, गारांवर पाय! बाईंना दोराने मध्ये बांधलं, पुढे एक जाऊ, मागे एक. घोटा टेकत नव्हता. शेवटच्या तीस पायऱ्या दोघींनी त्यांना पोत्यासारखं उचलून आणलं.

फाट्यावर उम्मूहान थांबली. वाकून पांढरा दगड पुन्हा डावीकडे ठेवू लागली. बाईंनी तिचा हात धरला.

“पलीकडच्या डोंगरातल्या जुन्या थडग्यांबद्दल मी छापलं होतं, आठवतं? वर्ष झालं नाही तोवर चोरट्यांनी सुरुंग लावून फोडली. खजिना शोधायला. मी वाट छापली नव्हती, पण ती त्यांनी अशाच दगडावरून काढली.”

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. मग उम्मूहानने पांढरा दगड दरीत भिरकावला, आणि मोठा दगड दोघींनी मिळून, खांदा लावून, उलटा केला. आता खूण राहिली नाही.

“आपल्या बायकांना वर जायचं असेल तर?” झेलिहा म्हणाली.

“तू सांगायचं, मी घेऊन यायचं.”

“मी का नाही घेऊन यायचं?”

“चला गं!” बाई ओरडल्या.

घळीत ओढा आता गुडघाभर नव्हता. तपकिरी, फेसाळ, छातीएवढा! काराजा उंचवट्यावर थरथरत उभा होता. उम्मूहानने आपला दोर पलीकडच्या खडकावर टाकला, अडकला. पाण्यात उतरली, आणि हात सरकला! ओला, गुळगुळीत दोर मुठीतून मासळीसारखा निसटला. ती पाण्याखाली गेली. वर आली. पुन्हा गेली.

“माझा घे!” झेलिहा किंचाळली.

मनगटाएवढा जाड, गाठीगाठीचा दोर पाण्यावर आपटला. उम्मूहानने पकडला. हात सरकला, आणि गाठीवर अडकला. पुढच्या गाठीवर दुसरा हात. पुढची गाठ. त्याच दोराने त्या तीनदा ओढा उतरल्या, गाठ धरून, गाठ मोजत. बाई खेचराच्या पाठीवर, नळी रिकामी, वही बाईंच्या छातीशी.

आसारच्या वेशीत पोहोचल्या तेव्हा सूर्य मावळत होता. देवदारांखाली तिघी ओल्या कुडकुडत बसल्या. उम्मूहान झेलिहाच्या दोराकडे बघत होती.

“बोल ना,” झेलिहा म्हणाली. “बोललीस तर मरणार नाहीस.”

“गाठी बऱ्या आहेत,” उम्मूहान म्हणाली. “पाण्यात.”

*

हिवाळ्यात बाईंचा अहवाल छापून आला. त्यात एक वाक्य होतं: ‘वरच्या कड्याची पाहणी केली, तेथे काही आढळले नाही.’ गावच्या मुख्तारने, म्हणजे पाटलाने, ते मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा उम्मूहान म्हणाली, “सहा वर्षं मी दुसरं काय सांगत होते?” आणि झेलिहाला चहा गिळताना ठसका लागला.

जूनमध्ये पठारावर जीप आली. नेरमिनबाई काठी टेकत उतरल्या. गुडघ्यांनी मनाई केली होती, तरी आल्या. दोन तंबूंच्या मधोमध क्षणभर उभ्या राहिल्या. उम्मूहानने आपल्या तंबूचा पडदा वर धरला.

“उम्मूहान, यंदाही तुझ्याकडेच गं,” बाई म्हणाल्या.

कपारीतल्या पोरीने ऐकलं होतं! उम्मूहानने जाता जाता झेलिहाच्या तंबूकडे एक नजर टाकली, एकच, पण लांब. झेलिहा दारात उभी राहून टकळी फिरवत होती. तिला काहीच वाटलेलं दिसलं नाही. उलट ती गोड हसत होती. फार गोड.

तंबूत बाईंनी बूट काढले. पायांत पांढरे मोजे. दुधावरच्या सायीसारखे मऊ.

“झेलिहाने पोस्टाने पाठवले,” बाई म्हणाल्या. “काय सूत आहे गं! हात फिरवून बघ. गाठ म्हणून नाही.”

उम्मूहानने चहाची किटली खाली ठेवली. मोजा ओढून घेतला, उलटा केला, उजेडात धरला. बोट फिरवलं, तळव्यावरून, बोटांवरून, घोट्यावरून. बाई बघत होत्या. बाहेर टकळी गुणगुणत होती.

टाचेपाशी एक गाठ सापडली. बारीक, मोहरीएवढी.

तेव्हा कुठे तिने चहा ओतला.